अमळनेरचे चोवीस नॉब: घरच्या अ‍ॅनोडायझिंगचं एक प्रकरण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अमळनेरहून भाच्याचा फोन आला. "मामा, रंग तं बोटलेच लागी ऱ्हायना." म्हणजे रंग बोटालाच लागत होता. आवाजात तीन रात्रींची झोप थकलेली होती.

भाच्याचं छोटं लेथचं दुकान आहे. लग्नसराईत वाजणारे अ‍ॅम्प्लिफायर जुळवून देणाऱ्या एका गिऱ्हाईकाने त्याच्याकडून अ‍ॅल्युमिनियमचे २४ नॉब कातून घेतले होते. २२ मिलिमीटर व्यास, १८ मिलिमीटर उंची, कडेला नर्लिंग (पकडीसाठीच्या बारीक खाचा), खालून ६ मिलिमीटरचं आंधळं, म्हणजे आरपार न गेलेलं भोक. गिऱ्हाईकाची अट एकच, नॉब काळे हवेत आणि काळेच राहायला हवेत. आधीच्या वर्षी स्प्रेने रंगवलेले नॉब एका हंगामात कडांवर पांढरे पडले होते. वाजवणाऱ्याच्या हाताला घाम, हळद, तेल सगळं असतं, त्यापुढे रंगाचा काय टिकाव लागणार! बाहेर अ‍ॅनोडायझिंग (विजेने धातूवर ऑक्साइडचा थर वाढवून त्यात रंग भरणं) करून घ्यावं, तर २४ नगांसाठी कोणी टाकी लावायला तयार नव्हतं. म्हणून भाच्याने व्हिडिओ पाहून गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःच सुरुवात केली.

मी धुळ्यात राहतो. शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली. अ‍ॅनोडायझिंग मी वर्गात फळ्यावर अनेकदा केलं होतं, बादलीत कधीच नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या चुकांपैकी निदान एक माझी आहे.

शेडमध्ये काय होतं

एसटीने दुपारी पोहोचलो. शेडमध्ये पाच लिटरची प्लॅस्टिकची बादली, तिच्यात बॅटरीचं अ‍ॅसिड (म्हणजे गंधकाम्ल) जसंच्या तसं. शेजारी १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. बादलीच्या आत दोन बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यांना चार्जरची ऋण तार. मध्ये बारा नॉब बांधकामाच्या बाइंडिंग वायरने माळेसारखे ओवलेले, त्यांना धन तार. वेळ एक तास. चार्जरचा काटा सहा अ‍ॅम्पिअरवर. शेवटी कपडे रंगवायच्या पुडीतला काळा रंग गरम पाण्यात.

थर्मामीटर कुठेही नव्हता.

भाच्याच्या मते दोष रंगाचा होता. त्याने तीन वेगवेगळ्या पुड्या वापरून पाहिल्या होत्या. दर वेळी रंग सुरेख चढायचा, अगदी काजळासारखा, आणि वाळल्यावर अंगठ्याने घासला की पांढऱ्या भुकटीसह निघून यायचा. मग तो कॉस्टिक सोड्यात सगळा थर काढून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. नॉबांनी असे तीन फेरे सोसले होते.

मी बादलीला बाहेरून हात लावला. अंघोळीच्या पाण्यासारखी कोमट.

आणखी एक गोष्ट दिसली आणि तिथे माझा आवाज चढला. उरलेलं अ‍ॅसिड कोल्ड्रिंकच्या बाटलीत होतं, लेबलसकट. एप्रिलचा महिना, घरात दोन लहान मुलं, आणि तहानेने घसा कोरडा पडलेला माणूस बाटली उघडताना वास घेत बसत नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध आणले: विक्रेत्याने नोंदवही ठेवायची, घेणाऱ्याचं ओळखपत्र पाहायचं, १८ वर्षांखालच्याला द्यायचं नाही. ज्याने ते या बाटलीत ओतून दिलं त्याला हे ठाऊक नव्हतं की फिकीर नव्हती, कोण जाणे. त्या दिवशी बाकी काही करण्याआधी जाड कॅन आणला, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि कॅन कुलपात गेला. शेजारी खायच्या सोड्याचं पाणी भरलेली बादली, डोळ्यांना बंद चष्मा आणि रबरी हातमोजे. शेडची दोन्ही दारं उघडी, कारण ऋण पट्ट्यांवर हायड्रोजन निघतो आणि त्याचे बुडबुडे फुटताना अ‍ॅसिडचे बारीक तुषार हवेत जातात.

छान रंग हीच खूण

दुसऱ्या दिवशी भाच्याला म्हटलं, तू करतोस तसंच एकदा कर, फक्त मध्ये थर्मामीटर सोड. सुरुवातीला ३४ अंश. तासाभराने ४६. शेडमधली हवा तेव्हा ४१ वर होती.

आता हे का बिघडतं ते समजलं पाहिजे. अ‍ॅनोडायझिंगचा थर रंगासारखा वरून बसत नाही, धातूच्याच पृष्ठभागाचं ऑक्साइड होऊन तो तयार होतो. वीज थर वाढवत असते आणि त्याच वेळी अ‍ॅसिड तो थर विरघळवत असतं. या ओढाताणीतूनच थरात मधाच्या पोळ्यासारखी उभी सूक्ष्म छिद्रं राहतात. रंग त्या छिद्रांत शिरतो आणि नंतर उकळत्या पाण्यात छिद्रांची तोंडं मिटतात. नेहमीच्या गंधकाम्लाच्या पद्धतीत द्रावण १८ ते २२ अंशांवर ठेवतात. पंचवीसच्या वर गेलं की विरघळवणाऱ्याची सरशी होऊ लागते. चाळिशीत तर थर खडूसारखा मऊ होतो आणि छिद्रं रुंदावतात.

रुंद छिद्रं रंग भराभर पितात. म्हणून भाच्याचे नॉब पहिल्या पाच मिनिटांत काजळासारखे काळे व्हायचे. तो जे यश समजत होता, तेच रोगाचं लक्षण होतं. रंगात टाकण्याआधी एक नॉब धुऊन, वाळवून मी पांढऱ्याऐवजी काळ्या कापडावर घासला. कापडावर खडूची रेघ उमटली. म्हणजे बिघाड रंगाच्या आधीच झालेला होता, पुडीचा त्यात संबंध नव्हता. (पुड्या चांगल्या होत्या असंही नाही. सुती कापडाच्या रंगात मीठ असतं किंवा घालायला सांगतात, आणि मिठातलं क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पाडतं.)

उष्णता आली कुठून, याचा हिशेब वहीत मांडला. सुमारे १३ व्होल्ट गुणिले ६ अ‍ॅम्पिअर म्हणजे ७८ वॅट. तासाभरात २८० किलोज्यूल. पाच लिटर अ‍ॅसिडाला एक अंशाने तापायला सुमारे १८ किलोज्यूल लागतात. म्हणजे १५ अंशांची वाढ. थोडी उष्णता बाहेर गेली, आपल्याला १२ दिसली. बादली लहान आणि चार्जर मोठा, त्यात वर तापलेला पत्रा.

अ‍ॅसिडही दुपटीच्या आसपास तीव्र होतं. बॅटरीचं १.२५ घनतेचं अ‍ॅसिड वजनाने एक तृतीयांश गंधकाम्ल असतं, आपल्याला हवं १५ ते २० टक्के. तेवढ्याच मापाचं डिस्टिल्ड वॉटर घेतलं की लिटरमागे सुमारे २०० ग्रॅम येतं, ते चालतं. पण आधी पाणी, मग त्यात धारेने अ‍ॅसिड. हा क्रम उलटला तर पाणी वरच्या वर उकळून अंगावर उडतं. चाळीस वर्षं मुलांना हेच सांगत आलो, तरी कॅन हातात घेतल्यावर भाच्याला पुन्हा म्हणून दाखवायला लावलं.

बाइंडिंग वायरचीही वेगळी कथा. लोखंडावर असा रोधक थर बनत नाही. नॉबवर ऑक्साइड वाढून वाट अडली की वीज सोप्या वाटेने, म्हणजे वायरमधूनच निघून जाते आणि वायर विरघळत राहते. काट्यावरच्या सहा अ‍ॅम्पिअरपैकी नॉबांच्या वाट्याला किती आले, ते सांगता येणं शक्यच नव्हतं. वायरच्या जागी आम्ही जुन्या सर्व्हिस वायरमधली अ‍ॅल्युमिनियमची तार सोलून घेतली. कारखान्यात टायटॅनियमचे हुक असतात, आपल्याला ही तार पुरते. फक्त दर वेळी तिचं टोक कापून नवं करायचं, कारण नॉबबरोबर तीही अ‍ॅनोडाइझ होते.

फ्रीजचा प्रश्न

थंडावा आणायचा कसा? माझा पहिला उपाय पाण्याच्या बाटल्यांचा बर्फ करून अ‍ॅसिडात सोडायचा. बहिणीने फ्रीजरमध्ये रांगेत बाटल्या पाहिल्या आणि फ्रीजचं दार धरून उभी राहिली. "हाई फ्रीज शे, तुमनी लॅब नही." तिचं बरोबर होतं. अ‍ॅसिडात बुडालेली बाटली धुऊन पुन्हा भाजीशेजारी ठेवायची, हे मला सुचलंच कसं? वर म्हटलेली माझी चूक ती हीच.

मग रसवंतीवाला जिथून बर्फाची लादी घेतो, तिथूनच आम्हीही घेतली. दहा लिटर द्रावणाची बादली मोठ्या टबात, टबात पाणी आणि फोडलेला बर्फ. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता ओढतो. ३४ अंशांवरचं दहा लिटर द्रावण विशीत आणायला साडेपाचशे लागतात, म्हणजे कागदावर दीड किलो बर्फ. प्रत्यक्षात आमचा चार किलो गेला, कारण टब सगळ्या शेडलाच थंड करत होता. टबाभोवती ओलं गोणपाट गुंडाळल्यावर बर्फ निम्म्यावर आला. खान्देशातली उन्हाळी हवा कोरडी ठणठणीत असते, माठ गार करते तसं गोणपाटही करतं. आणि काम दुपारवरून पहाटे चारवर नेलं. बादलीत मत्स्यपेटीचा हवेचा पंप सोडला, नाहीतर नॉबला चिकटून असलेलं द्रावण गरमच राहतं, थर्मामीटर काहीही सांगो.

चार्जर बाजूला ठेवून विद्युतप्रवाह स्थिर ठेवता येणारा डीसी सप्लाय आणला. आता किती प्रवाह द्यायचा ते क्षेत्रफळावर ठरतं. एका नॉबचं क्षेत्रफळ नर्लिंग धरून सुमारे २४ चौरस सेंटिमीटर. सहा नॉब म्हणजे १४४, म्हणजे जवळपास दीड चौरस डेसिमीटर. चौरस डेसिमीटरला १.२ अ‍ॅम्पिअर धरून एकूण १.८. थराची जाडी मायक्रॉनमध्ये काढायची असेल तर प्रवाहाची ही घनता गुणिले मिनिटं गुणिले ०.३. साठ मिनिटांत २० मायक्रॉनच्या आसपास. काळ्या रंगाला एवढी जाडी हवीच, पातळ थरावर काळा जांभळट दिसतो.

आधी खिडकीचा तुकडा

नॉब टाकण्याआधी भाच्याला अट घातली, पहिल्या दोन फेऱ्या तुकड्यांच्या. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे सेक्शनची कापलेली टोकं मिळतात. तो धातू ६०६३ जातीचा, अ‍ॅनोडायझिंगला मऊशार. त्यावर आधीचा थर असतो, तेवढा कॉस्टिकमध्ये काढावा लागतो. दोन्ही तुकडे १९ ते २२ अंशांत झाले, काळ्या कापडावर रेघ उठली नाही. मल्टिमीटरच्या दोन्ही टोकांनी हलकेच स्पर्श केला, मीटर गप्प. ऑक्साइड वीज वाहू देत नाही, त्यामुळे थर बसला की नाही हे पाहायची घरगुती पद्धत हीच. भाचा खूश.

मग सहा नॉब घातले. चार झाले, दोन कोरे.

विसाव्या मिनिटाला व्होल्टेज १३ वरून एकदम १६ वर गेलं होतं. भाच्याला वाटलं थर जाड झाला. खरं म्हणजे दोन नॉबांची तार भोकात सैल झाली होती, त्यांचा संपर्क तुटला आणि त्यांच्या वाट्याचा प्रवाह उरलेल्या चारांवर आला. स्थिर प्रवाहात व्होल्टेज हळूहळू चढायला हवं, उडी मारली की समजायचं कोणीतरी सुटलं. पुढे तार दुमडून, भोकात हातोडीने घट्ट बसवून मगच बुडवायची, असं ठरलं.

त्या चारांतल्या तीन नॉबांवर भोकापासून खाली पांढऱ्या रेघा उतरल्या होत्या. आंधळ्या भोकात अ‍ॅसिड अडकून राहतं, वरवर धुतल्याने जात नाही, आणि गरम रंगात गेल्यावर पाझरत बाहेर येतं. यावर औषधाच्या दुकानातली सिरिंज कामी आली. भोकात सोड्याचं पातळ पाणी मारायचं, फसफसणं थांबेपर्यंत, आणि मग डिस्टिल्ड वॉटर.

चार नॉब कशालाच बधेनात

तिसऱ्या पहाटेपर्यंत काम रुळावर आलं होतं, तरी चार नॉब काही केल्या राखाडी, डागाळलेले निघत. थंडावा तोच, तार घट्ट, व्होल्टेज सरळ. दोन रात्री मी तारेवरच संशय घेत राहिलो.

उत्तर कॉस्टिकच्या पायरीवर होतं. कॉस्टिकमधून काढल्यावर अ‍ॅल्युमिनियमवर काळपट काजळी राहते, ती नायट्रिक अ‍ॅसिडात साफ होते. या चार नॉबांची होत नव्हती. नायट्रिक तांबं, लोखंड यांची काजळी घालवतं, सिलिकॉनची नाही. म्हणजे हा ओतीव धातू होता, बहुधा जुन्या पिस्टनांतून वितळवलेला. भाच्याला विचारलं, तर म्हणाला, "शेवटले चार कमी पडले म्हणून भंगारातल्या दांड्यातून काढले, विकणारा तर म्हणाला सगळा एकच माल." सिलिकॉन घालवणारं हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत पोहोचतं. घरातच काय, गच्चीवरही त्याचं काम नाही. चार नॉब बाजूला काढले.

आणखी तीन नॉब कॉस्टिकच्या फेऱ्यांनी खाल्ले होते. प्रत्येक वेळी थर काढताना थोडा धातूही जातो. नर्लिंग बोथट झालं होतं आणि भोक नॉब ज्यावर बसतो त्या पोटेन्शिओमीटरच्या दांड्यावर डुगडुगत होतं. एकूण सात नॉब नव्या ६०६३ दांड्यातून पुन्हा कातावे लागले.

एका पहाटे मध्येच लाइट गेली. टॉर्चच्या उजेडात आम्ही ती परत येण्याची वाट पाहत बसलो, वीस मिनिटं. नॉब अ‍ॅसिडातच. वीज नसताना थर फक्त विरघळतो, बाहेर काढून पाण्यात ठेवायला हवे होते. त्या सहांतला एक नॉब उन्हात धरला की तपकिरी झाक दिसते.

रंग आणि वाफ

अ‍ॅनोडायझिंगसाठीचा काळा रंग आणला, लिटरला दहा ग्रॅम, ५५ ते ६० अंशांवर वीस मिनिटं. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. थर बरोबर असला की रंगाचं काम कंटाळवाणं होतं.

छिद्रं मिटवण्याची पायरी (सीलिंग) मात्र पुन्हा पाण्यावर अडली. पहिले सहा नॉब भाच्याने बोअरच्या पाण्यात उकळले. वर पांढुरकी साय धरली, किटलीच्या तळाला बसते तीच. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि सिलिका यांनी सीलिंग बिघडतं, आणि जारचं पाणीही पूर्ण निखळ नसतं. डिस्टिल्ड वॉटर घेतलं, पण त्यात बुडवून उकळताना पहिल्या मिनिटांत रंग पाण्यात उतरतो. म्हणून भंगारातून एक जुनं इडलीपात्र घेऊन वाफेवर ठेवले. मायक्रॉनमागे दोन-तीन मिनिटांच्या हिशेबाने पाऊण तास. पात्र बहिणीने लगेच लाल रंगाने खूण करून गच्चीवरच ठेवलं, स्वयंपाकघराच्या जिन्याची पायरीसुद्धा ते उतरणार नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात २४ नॉब गेले. देण्याआधी एकेक थिनरच्या बोळ्याने पुसून पाहिला, बोळा पांढरा राहिला. तपकिरी झाक असलेला नॉब कोणता ते भाच्याने गिऱ्हाईकाला सांगितलं. त्याने तो ज्या चॅनलला कोणी हात लावत नाही तिथे बसवला.

वापरून झालेलं अ‍ॅसिड आणि कॉस्टिक मोरीत गेलं नाही. अ‍ॅसिडात पाण्यात कालवलेला चुना थोडा थोडा घालत, ऊब थांबेपर्यंत आणि पीएचच्या कागदाने सात दाखवेपर्यंत एक पूर्ण सकाळ गेली. खाली बसलेला पांढरा गाळ वाळवून डब्यात भरून ठेवला आहे. भाच्याला हीच पायरी सगळ्यात जास्त जड गेली, आणि याच पायरीला तो सगळ्यात आधी फाटा देईल अशी मला भीती आहे.

आता त्याच गिऱ्हाईकाला लाल नॉब हवे आहेत. लाल सेंद्रिय रंग उन्हात विटतात, आणि मंडपातला अ‍ॅम्प्लिफायर दिवसभर उन्हात असतो. खिडकीच्या सेक्शनच्या एका तुकड्यावर भाच्याने लाल चढवला आहे. अर्ध्या भागावर काळी टेप चिकटवून तो गच्चीच्या कठड्यावर ठेवलाय. दर सोमवारी टेपचा कोपरा उचलून तो फोटो पाठवतो. तीन सोमवार झाले, अजून फरक दिसत नाही.